डोलकाठी किती मागे, तारा किती ताठ

शर्यतीच्या डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीवर, नवीन माणूस आला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. डोलकाठी मागे किती झुकवायची? आणि तारांना ताण किती द्यायचा? त्याला दोन आकडे हवे असतात आणि जुने खेळाडू ते देऊनही टाकतात. घोळ तिथूनच सुरू होतो. हे दोन आकडे एकमेकांना सोडून राहतच नाहीत. ताण वाढवला की कल सरकतो, कल बदलला की ताण बदलतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजायचे, वहीत एकाच ओळीत लिहायचे आणि एकाला हात लावला की दुसरा परत मोजायचा. असं का, ते समजलं की बाकीचं फिटरकाम आहे.

आणि फिटरकाम म्हटलं की कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. इथे समुद्र नाही, बोटिंग म्हटलं की लोकांना रंकाळ्यावरची पायडल बोट आठवते, हे खरं. पण मिलिमीटरची शंका आली की खिशातून व्हर्नियर काढणारी माणसं या गावात गल्लोगल्ली आहेत. आमची दोन माणसांची जुनी डिंगी उद्यमनगरात एका मित्राच्या शेडसमोर ट्रेलरवर उभी असते. सराव जवळच्या तलावावर, शर्यत मुंबईला. काठीची जुळणी मात्र त्या शेडसमोरच होते, आणि खरं सांगायचं तर पाण्यापेक्षा जमिनीवरच ती नीट होते.

काठी उभी कशावर आहे

पूर्वी घराच्या छतावर टीव्हीच्या अँटेनाचा पाइप तीन बाजूंनी तारा ताणून उभा करायचे, तसाच प्रकार. डिंगीत एक तार पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाते, ती फोरस्टे. दोन तारा डाव्या-उजव्या बाजूंना जातात, ते श्राउड. हे श्राउड काठीच्या अगदी बाजूला न बांधता थोडे मागे बांधलेले असतात. त्यामुळे ते काठीला दोन्ही बाजूंनी धरतात आणि मागेही ओढतात. बहुतेक डिंग्यांना सरळ मागे जाणारी वेगळी तार नसतेच.

नवख्याला चकवणारी गोष्ट पुढच्या तारेची आहे. पुढे जिब नावाचं छोटं शीड असलेल्या शर्यतीच्या बोटीत, शीड वर चढवून ताणलं की फोरस्टे चक्क सैल लोंबते. पुढचा सगळा भार जिबच्या कडेत शिवलेली तार आणि तिला वर ओढणारा दोर, म्हणजे हॅलयार्ड, घेतात. फोरस्टेचं काम एवढंच, की शीड उतरवलेलं असताना काठी मागे कोसळू नये. म्हणजे 'ताण दे' याचा अर्थ जिबचा हॅलयार्ड ओढ. तो हाताने पुरेसा ओढला जात नाही, म्हणून बोटीत लिव्हर किंवा कप्प्यांची जोडणी असते. तो ओढला की काठी पुढे जाऊ पाहते, श्राउड तिला मागे धरतात आणि जिबची तार आणि दोन्ही श्राउड अशा तिन्ही तारा एकदम ताठ होतात.

सगळ्या डिंग्यांना हे लागू नाही. विष्णू सर्वानन यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये ज्या आयएलसीए 7 बोटीत कांस्यपदक मिळवलं, तिला एकही तार नाही. काठी हलमधल्या, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगातल्या, भोकात उभी राहते आणि तिचा कल ते भोकच ठरवतं. उलट के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या फोर्टीनाइनर बोटीत उतरले, तिच्या काठीला बाजूच्या तारांच्या तीन-तीन जोड्या असतात आणि त्या जुळवणं ही स्वतंत्र विद्या आहे. आपण मधल्या गटाचं बोलतोय: फायरबॉल, 420, 470 अशा बोटी. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी 1982 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण फायरबॉलमध्येच मिळवलं होतं.

एक अंश म्हणजे किती

हिशेबासाठी एक कल्पित बोट घेऊ. तिन्ही तारा काठीला डेकपासून साडेचार मीटर उंचीवर धरल्या आहेत. पुढची तार, म्हणजे जिबच्या कडेतली, खाली काठीच्या 1.3 मीटर पुढे टेकते. श्राउड काठीच्या 35 सेंटीमीटर मागे आणि 70 सेंटीमीटर बाजूला टेकतात. काठी आत्ता सरळ उभी आहे आणि तिला एक अंश मागे घ्यायची आहे.

साडेचार मीटर उंचीवर एक अंश म्हणजे जवळपास 8 सेंटीमीटर. एवढं मागे जायला पुढच्या तारेची लांबी सव्वादोन सेंटीमीटर वाढावी लागते. श्राउड मात्र फक्त 6-6 मिलिमीटर आखूड करावे लागतात. या दोन आकड्यांतला फरक नीट बघा, सगळी गोम इथेच आहे. नुसता हॅलयार्ड सैल सोडला, तर काठी मागे जाते पण श्राउड ढिले पडतात आणि ती लाटेसरशी पुढे-मागे डुलायला लागते. नुसते श्राउड आखूड केले, तर काठी जागची फारशी हलत नाही, ताण मात्र सपाट्याने चढतो, कारण पुढची तार तिला सोडत नाही. पुढे भरपूर सैल आणि बाजूला किंचित आत, असं दोन्ही केलं तरच ताण तेवढाच राहून कल बदलतो.

आता जोराचा हिशेब. याच बोटीत प्रत्येक श्राउडमध्ये 120 किलो ताण असेल, तर त्यांना पुढून तोलायला जिबच्या तारेत सुमारे 66 किलो लागतात. तिन्ही तारा काठीला खाली दाबतात. त्या दाबाची बेरीज केली तर काठीच्या बुडाशी बोटीच्या कण्यावर साधारण 300 किलो येतात. वाऱ्याचा अजून पत्ता नाही, बोट ट्रेलरवरच आहे, आणि तरी एवढा भार! मधोमध खाली दाब, नाळेला आणि दोन्ही बाजूंना वर ओढ. हल थोडा वाकणारच. नवी, कडक बोट कमी वाकते, जुनी जास्त. म्हणून दुसऱ्याच्या नव्या बोटीचे आकडे आपल्या जुन्या बोटीवर जसेच्या तसे बसत नाहीत.

कल बदलून काय होतं

शिडांवर पडणारा वाऱ्याचा जोर एका बिंदूत एकवटलाय असं धरू. पाण्याखाली सेंटरबोर्ड, म्हणजे बोटीच्या मधून खाली सोडलेली फळी, आणि सुकाणू मिळून त्या जोराला विरोध करतात, त्याचाही एक बिंदू धरू. वरचा बिंदू खालच्याच्या मागे सरकला की बोटीची नाळ वाऱ्याच्या दिशेला वळू पाहते आणि सुकाणू हातात जड लागतो. आपल्या कल्पित बोटीची काठी 6 मीटरची आहे आणि जोराचा बिंदू अडीच मीटर उंचीवर आहे असं समजा. एक अंश कल वाढवला तर काठीचं टोक साडेदहा सेंटीमीटर मागे जातं आणि जोराचा बिंदू साडेचार सेंटीमीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, हाताला लगेच कळतं.

सुकाणू अगदी हलका असणंही चांगलं नाही. वाऱ्याच्या तोंडावर जाताना त्याला किंचित ओढ असली की तो बोटीला आडवं सरकू देत नाही. ओढ वाढली, सुकाणू सतत तिरका धरावा लागला, की तो ब्रेक होतो.

मग जोराच्या वाऱ्यात काठी आणखी मागे का घेतात, त्याने सुकाणू आणखी जड नाही का होणार? प्रश्न रास्त आहे. काठी मागे गेली की शिडांचा जोर थोडा खाली उतरतो, मोठ्या शिडाची वरची मागची कड उघडते आणि वारा तिथून निसटतो, जिब आणि मोठं शीड यांच्यातली फटही मोकळी होते. बोट एका बाजूला कमी झुकते. आणि सुकाणू जड होण्याचं मोठं कारण बहुतेक वेळा ते झुकणंच असतं. उरलेली ओढ सेंटरबोर्ड थोडा वर घेऊन काढता येते. तो वर येताना मागे फिरतो, त्यामुळे खालचा बिंदूही मागे सरकतो. म्हणून सुकाणू जड लागला की लगेच कलाला दोष देऊ नका. आधी बोट सपाट चाललीय का ते बघा. माझं मत विचाराल तर कल बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांनी आधी दोरीला लटकून बाहेर वजन टाकायला शिकावं.

काठी मागे नेली की एक गोष्ट हमखास विसरली जाते. जिबचा मागचा खालचा कोपरा खाली उतरतो, त्यामुळे त्याची शीट, म्हणजे ओढायची दोरी, जास्त आडवी ओढते. शिडाची खालची कड ताणली जाते, मागची कड मोकळी सुटते. आधीसारखाच आकार हवा असेल तर शीटची जागा थोडी पुढे घ्यावी लागते. वारा खूपच असेल तर ती मोकळी कड हवीच असते, मग राहू द्या. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा, तोही खाली येतो. मेनशीटच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या दोरीच्या, दोन कप्प्या एकमेकींना टेकून शीट ओढायची संपत नाही ना, हे जमिनीवरच तपासा.

ताण कशासाठी

जिबची पुढची कड तारेवर उभी असते. वाऱ्याने शीड फुगलं की ती तार सरळ राहत नाही, तिला वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला झोळ पडतो. झोळ पडला की शीड पुढच्या भागात गोलसर होतं आणि बोटीला वाऱ्याच्या तोंडावर फार वर चढू देत नाही. ढोबळमानाने ताण दुप्पट केला तर झोळ निम्मा होतो. ताठ तार म्हणजे चपटं, धारदार शीड. वारा मध्यम असेल आणि पाणी सपाट असेल, तर हेच हवं.

मंद वाऱ्यात गोष्ट उलटते. तेव्हा शिडाला थोडी गोलाई लागते, म्हणून ताण कमी ठेवतात. वारा वाढेल तसा ताणही वाढवत नेतात, निदान बहुतेक वर्गांत तरी. पुरेसा ताण आहे की नाही हे पाण्यावर ओळखायची सोपी खूण आहे: चांगल्या वाऱ्यात पूर्ण जोराने चालताना पलीकडच्या अंगाचा श्राउड नुकताच सैल पडलेला असावा. लोंबकळून हेलकावे खात असेल तर ताण कमी पडतोय.

तिसरा गडी स्प्रेडर. काठीच्या मध्यावरून निघून श्राउडना बाहेर आणि मागे ढकलणारे हे दोन दांडे. श्राउड ताणले की ते सरळ व्हायला बघतात आणि स्प्रेडरवाटे काठीचं पोट पुढे ढकलतात. काठी धनुष्यासारखी वाकते आणि मोठं शीड चपटं होतं. म्हणजे ताण वाढवला की जिबबरोबर मोठ्या शिडाचाही आकार बदलतो. स्प्रेडरची लांबी आणि कोन बदलता येतात, पण पहिल्या मोसमात त्यांना हात लावू नये. शिड शिवणाऱ्याने दिलेल्या मापावर ते ठेवा आणि विसरून जा. तीन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते देवालाही कळायचं नाही.

शेडसमोरची मोजणी

मोठं शीड उतरवून, बूम काढून ठेवायचा. त्या शिडाच्या हॅलयार्डला स्टीलच्या मेजरटेपची कडी अडकवायची आणि टेप टोकापर्यंत चढवायची. शीड चढवताना हॅलयार्ड जिथे अडकवतो, अगदी त्याच खुणेला. मग टेप मागे आणून ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीच्या, वरच्या कडेच्या मध्यावर वाचायची. हा आकडा लहान झाला तर काठी मागे गेली, मोठा झाला तर पुढे. अंशांची गरजच नाही.

पण ही टेप वाचायची कधी? जिब वर आणि हॅलयार्डला पूर्ण ताण असताना. ताण नसताना घेतलेला आकडा वहीत लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. शिवाय एकदा ताणून लगेच वाचू नका. एकाने श्राउड धरून काठी दोन्हीकडे हलवायची. गाठी बसतात, तार आपल्या जागी येते, ताण थोडा उतरतो. परत ताणून मग मोजायचं. आमच्याकडे या वेळी ठरलेला संवाद असतो. ट्रेलरवर चढलेला म्हणतो, "अगा, मार की अजून थोडा." खालचा म्हणतो, "बास. आधी काटा बघ, मग बोल." खालचा नेहमी बरोबर असतो.

हा काटा म्हणजे टेन्शन गेज. तारेवर अडकवायचं, स्प्रिंगने तार किंचित वाकवायची आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे किलो नव्हेत. गेजसोबत तक्ता असतो, त्यात तारेच्या जाडीप्रमाणे किलो शोधायचे. अडीच मिलिमीटरच्या तारेवर 3 मिलिमीटरचा रकाना वाचला तर सगळंच चुकतं. गेज दर वेळी तारेवर त्याच उंचीला लावा, खूण म्हणून चिकटपट्टी बांधून ठेवा.

गेज नसेल तर शॉपमध्ये जुगाड होतो, आणि तो चांगला चालतो. एक ताठ अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घ्या, त्यावर बरोबर एक मीटर अंतरावर दोन खुंट्या बसवा. पाइप श्राउडला समांतर धरून खुंट्या तारेला टेकवा आणि बरोबर मधोमध तार स्प्रिंगच्या काट्याने 5 किलो ओढा. तार 10 मिलिमीटर सरली तर ताण 125 किलो. 20 मिलिमीटर सरली तर सुमारे 62, 5 मिलिमीटर सरली तर 250. सूत्र सोपं आहे: ओढीचे किलो गुणिले खुंट्यांमधलं अंतर, भागिले सरकलेल्या अंतराची चौपट. तारेचा स्वतःचा ताठपणा यात धरलेला नाही, त्यामुळे आकडा थोडा जास्तच येतो. पण शर्यतीआधी 'मागच्या वेळेएवढाच' ताण लावायला हे पुरतं. खात्री करायची असेल तर तारेच्या एका तुकड्याला मध्ये लटकता डिजिटल काटा जोडून ताणा आणि पडताळा. गुळाच्या व्यापाऱ्यांच्या गावात असा काटा मिळायला अडचण येऊ नये.

श्राउडची लांबी बदलायला खाली भोकांची पट्टी आणि पिन असते. काही पट्ट्यांत भोकांच्या दोन रांगा किंचित वेगळ्या अंतरावर असतात. दोन्हीतलं कुठलं भोक कुठल्याशी जुळतं त्यावर एक-दोन मिलिमीटरची पायरी मिळते. व्हर्नियर वाचणाऱ्याला हे समजावायला नकोच. पिन हलवली की दोन्ही बाजूंची सारखीच हलवा. मग टेप काठीच्या टोकावरून दोन्ही चेनप्लेटपर्यंत, म्हणजे श्राउड बोटीला जिथे अडकतात त्या पट्ट्यांपर्यंत, ताणून बघा. डावं-उजवं माप सारखं नसेल तर एका हाताला बोट चांगली आणि दुसऱ्या हाताला रडकी चालते, आणि दोष मात्र सुकाणूवाल्याला मिळतो.

तलाव आणि समुद्र

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे 5 टक्के विरळ, म्हणून तेवढ्याच वाऱ्याला जोरही तेवढाच कमी. यावरून मुंबईचं माप इथे चालत नाही असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मुंबईतल्या 15 नॉटचा जोर इथे साडेपंधराच्या आतच मिळतो. एवढा फरक कुणाच्या हाताला कळत नाही.

खरा फरक झुळकांचा आहे. समुद्रावरून येणारा वारा बराच एकसारखा असतो. तलावावर तो टेकड्या, झाडी, इमारती ओलांडून तुकड्यातुकड्यांनी येतो. मध्येच पडतो, मध्येच दिशा बदलून थप्पड मारतो. अशा ठिकाणी काठी सर्वांत जोरदार झुळकेसाठी मागे नेऊन ठेवली, तर उरलेला सगळा वेळ बोट मेल्यासारखी चालते. मी तलावावर कल मध्यम वाऱ्याचा ठेवतो आणि झुळकेला किकर (बूम खाली ओढणारी दोरी), कनिंगहॅम (मोठ्या शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) आणि मेनशीट वापरून जोर काढतो. मुंबईला जाताना मात्र वारा दिवसभर चढता राहणार असेल तर किनाऱ्यावरच कल वाढवून घ्यावा. दोघांचं वजन कमी असेल तर आणखी लवकर, कारण त्यांना बोट सपाट ठेवणं आधी जड जातं. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पूर्वेला काळं भरून आलं, वळीव दिसला, तर जुळणीचा विचार सोडून किनारा गाठावा.

सुरुवात कुठून करायची? तुमच्या बोटीच्या वर्गासाठी शिड शिवणाऱ्या कंपनीचा तक्ता मिळतो. त्यात वाऱ्याच्या तीन-चार पायऱ्यांसाठी कल आणि ताण जोडीने दिलेले असतात. मधली जोडी आपल्या बोटीवर लावा, दुसऱ्या बोटीच्या शेजारी चालवून बघा आणि एका वेळी एकच गोष्ट एक पायरी हलवा. एकट्याने पाण्यावर फिरून वेग कळत नाही, शेजारी बोट लागते. आमच्या तलावावर दुसरी बोट नाही, म्हणून आमची खरी चाचणी मुंबईला पोचल्यावरच होते. इथे फक्त मोजून, लिहून ठेवतो.

ताण वाढवताना कान उघडे ठेवा. काठीच्या बुडाशी किंवा सेंटरबोर्डच्या पेटीपाशी कुरकुर ऐकू आली, चेनप्लेटच्या मुळाशी रंगाला बारीक चीर दिसली, तर तिथेच थांबा. 3 मिलिमीटरची स्टेनलेस तार नवी असताना 700 किलोच्या आसपास झेलते, जुना हल तेवढं झेलत नाही. बोट पाण्याबाहेर काढली की हॅलयार्ड लगेच सैल करा. रात्रभर 300 किलो कण्यावर ठेवण्यात काही शहाणपण नाही. तारेच्या टोकाला जिथे ती धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे जुना कपडा फिरवा. धागा अडकला तर आतली एखादी बारीक तार तुटलेली आहे, ती सबंध तार गेली असं समजा. बदलताना डावा-उजवा श्राउड एकदमच बदला, नाहीतर नवी तार एका बाजूला ताणत राहील आणि तुम्ही दर आठवड्याला पिना हलवत बसाल.